‘टीममध्ये एक मुलगी लागतेच’ म्हणून आलेलं बोलावणं

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नागपुरात हिंगणा रोडवरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीचं हे पत्र आहे. घर काटोल तालुक्यात, वडिलांची संत्र्याची बाग. दहावीपर्यंत मराठी माध्यम. नागपुरात ती मानेवाड्याला मावशीकडे राहते. कॉलेजात स्मार्ट इंडिया हॅकेथॉनची (ठरलेल्या वेळात टीमने एखाद्या प्रश्नावर तोडगा बनवायची स्पर्धा) अंतर्गत फेरी पंधरा दिवसांवर आली आहे, शनिवारी सकाळी दहा ते रविवारी सकाळी दहा. तिसऱ्या वर्षाच्या पाच मुलांनी तिला टीममध्ये घेतलं. ती खूश होती. मग कँटीनमध्ये त्यांच्यातलाच एक जण दुसऱ्याला सांगताना तिने ऐकलं, ‘अबे, एक मुलगी लागतेच ना टीममध्ये, नाहीतर फॉर्मच नाही घेत.’ विषय ठरलाय पिकाच्या पानाचा फोटो काढून रोग ओळखणारं अ‍ॅप. ती लिहिते, ‘मला सी येतं, पायथन थोडंफार. वेबसाइट कधी बनवली नाही. परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं तर माझी बोबडी वळेल. मावशी म्हणते, रात्रभर पोट्ट्यांसोबत कॉलेजात कायले थांबतं? मला वाटतं, यंदा नाही म्हणावं, वर्षभर नीट शिकावं आणि पुढच्या वर्षी जावं. पण नाही म्हटलं तर सीनियर नाराज होतील. ताई, काय करू?’

प्रिय मैत्रिणी,

आधी ते कँटीनमधलं वाक्य. ते तुला लागलं, आणि लागण्यासारखंच होतं. पण तो मुलगा खोटं बोलला नाही. ही स्पर्धा 2017 पासून चालू आहे, केंद्राचं शिक्षण मंत्रालय आणि तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद एआयसीटीई मिळून ती भरवतात, आणि टीम सहा जणांची, सगळे एकाच कॉलेजचे, त्यात निदान एक विद्यार्थिनी, असा नियमच आहे. हा नियम नसता तर कितीतरी टीम होस्टेलच्या एकाच मजल्यावरून उचलून आणल्यासारख्या आल्या असत्या. तेव्हा तुला जागा नियमामुळे मिळाली हे मान्य करून मोकळी हो. मग बाकीच्यांना ती कशामुळे मिळाली हेही जरा बघ. एक जण लीडरचा रूम पार्टनर असेल, एकाकडे भारीतला गेमिंग लॅपटॉप असेल, एकाकडे बाईक असेल. त्यांच्यापैकी कुणीही ‘मी लायक आहे का’ असं विचारणारं पत्र मला पाठवलेलं नाही.

जागा कशी मिळाली यावर आता तुझा इलाज नाही. तिथे बसून तू काय करणार यावर आहे, आणि ते शनिवारी सकाळी कळून उपयोग नाही. उद्याच लीडरला गाठ आणि सरळ विचार, ‘दादा, माझ्याकडे नेमकं काम काय? मी नावापुरती येणार नाही.’ भांडायचं नाही, टोमणा मारायचा नाही. कँटीनमधलं ऐकलंय हेही सांगायची गरज नाही.

‘तू पीपीटी कर’ असं उत्तर आलं तर तोंड पाडू नकोस. मुलींच्या वाट्याला पीपीटी येते म्हणून आपण तिला हलकं समजतो. अंतर्गत फेरीनंतर कॉलेज ज्या टीमची नावं पुढे पाठवतं, त्यांची कल्पना वर जाते ती मुख्यतः ठरावीक साच्यातल्या पीपीटीतूनच, आणि पहिली छाननी तिच्यावरच होते. फक्त एक अट घाल. पीपीटी मी करणार असेन तर प्रोजेक्टमधलं काहीही, कितीही वेळा विचारायचा हक्क मला हवा. ज्या गोष्टीचं उत्तर तुला मिळत नाही ती स्लाइडवर जाणार नाही. ही अट लीडरने मानली तर ती टीम बरी आहे. ‘तू काही करू नको, फक्त हजर राहा आणि सही कर’ असं उत्तर आलं तर खुशाल नाही म्हण. सीनियरांची नाराजी दुसरी मुलगी सापडेपर्यंतच टिकते.

आता त्या ओळीकडे येते, जी तू पत्ता सांगावा तशी लिहून पुढे निघून गेलीस. वडिलांची संत्र्याची बाग.

पानाचा फोटो काढून रोग ओळखणारं अ‍ॅप मी परीक्षक म्हणून बसते त्या जवळजवळ प्रत्येक हॅकेथॉनला दिसतं. त्याच्यामागे बहुतेक वेळा प्लांटव्हिलेज नावाचा एकच फुकट मिळणारा फोटोसंच असतो. त्यात 54 हजारांच्या वर फोटो आहेत, 14 पिकं आणि 38 वर्ग (एकेका पिकाचा एकेक रोग, किंवा निरोगी पान). ऐकायला भरभक्कम वाटतं. पण त्यात संत्र्याचा वर्ग एकच आहे, सिट्रस ग्रीनिंग या रोगाचा. निरोगी संत्र्याच्या पानाचा वर्गच नाही. म्हणजे या संचावर शिकलेल्या मॉडेलला, फोटो बघून रोग सांगणाऱ्या प्रोग्रॅमला, तुमच्या बागेतलं धडधाकट पान दाखवलं तर ते एकतर ग्रीनिंग म्हणणार, नाहीतर भलत्याच पिकाचं नाव घेणार. ‘संत्र्याचं पान आहे आणि ठीक आहे’ हे उत्तर त्याला देताच येत नाही. शिवाय 2016 साली याच संचावर झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात मॉडेलने संचातलेच न पाहिलेले फोटो 99.35 टक्के बरोबर ओळखले होते. बाहेरून गोळा केलेले फोटो दाखवल्यावर हा आकडा 31 टक्क्यांच्या आसपास घसरला. कारण साधं आहे. संचातली पानं तोडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून फोटो काढलेत. बागेत पानावर धूळ असते, मागे दुसरी पानं असतात, अर्धं ऊन आणि अर्धी सावली असते. तुझे सीनियर स्लाइडवर 99 टक्के लिहिणार, हे मी आजच सांगून ठेवते. तो आकडा कशावर मोजला, हे विचारणारी तू हो. परीक्षकांनी विचारण्याआधी.

आणि दुसरं. हे दिवस ऑगस्ट-सप्टेंबरचे. आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची) फळं झाडावर आहेत आणि घरी फळगळीचं बोलणं चालू असणार. फळ कशाने गळतं? कधी बुरशीने, कधी पाणी साचून मुळं गुदमरतात म्हणून, कधी अन्नद्रव्यं कमी पडतात म्हणून, कधी रस शोषणाऱ्या पतंगाने. तो पतंग अंधार पडल्यावर येतो, फळाला सोंड खुपसतो, आणि सकाळी झाडाखाली सडा पडलेला असतो. यातलं पानाच्या फोटोत काय दिसणार? कोळशी, म्हणजे काळी बुरशी, पानावर दिसते, कबूल. पण ती तुझे वडील बांधावरूनच ओळखत असतील. खोडातून डिंक गळणारा डिंक्या रोग शोधायचा तर खोडाशी बुडात वाकून बघावं लागतं. मग हे अ‍ॅप नक्की कुणाला, कधी आणि काय सांगणार आहे?

आज संध्याकाळी वडिलांना फोन कर आणि वही घेऊन बस. फळं गळायला लागली की पहिला फोन कुणाला करता? औषध कोण सांगतं, कृषी केंद्रवाला की शेजारी? मागच्या वर्षी चुकीचं औषध मारलं गेलं होतं का, किती पैसे गेले? बागेत रेंज असते का? फोटो काढा म्हटलं तर तुम्ही काढाल की आईला सांगाल? इंग्रजीत आलेला मेसेज कोण वाचून दाखवतं? वेळ झाला तर अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत एक चक्कर टाक, किंवा निदान त्यांनी संत्रा बागायतदारांसाठी काढलेलं सल्लापत्रक मिळव. एवढं टीमसमोर ठेवलंस तर विषयच बदलायची शक्यता आहे. रोग ओळखण्याऐवजी ‘गळ झाली, ही पाच लक्षणं बघा, मग हे करा’ असं मराठीत, बोलून विचारणारं काहीतरी निघेल. कदाचित त्यापेक्षाही चांगलं निघेल, ते तुम्ही सहा जणांनी ठरवायचं. पण ‘हे कोण वापरणार?’ हा आमचा पहिला प्रश्न असतो, आणि तिथेच निम्म्या टीम ‘फार्मर्स’ म्हणून गप्प होतात. तू तिथे नाव-गाव-बहार सांगू शकतेस.

फक्त एक सांभाळ. ‘शेतीचं तिला विचारा’ म्हणून टीमने तुला कोपऱ्यात बसवू नये, आणि कोडिंगपासून लांब राहायला तूही ते निमित्त करू नयेस. थोडंफार पायथन येतं ना? मग स्ट्रीमलिट नावाची फुकट लायब्ररी (तयार कोडचा संच) आहे, तिच्यात एचटीएमएल न लिहिता पायथनमधूनच वेब पान उभं राहतं. पंधरा दिवसांत एक फॉर्म, एक बटण आणि एक उत्तर, एवढं पान करून बघ. आणि गिट शिक, म्हणजे सगळ्यांचा कोड आणि त्यातले बदल एकत्र सांभाळणारं साधन. त्यातल्या क्लोन, अ‍ॅड, कमिट, पुल, पुश या कमांड, एवढंच. बाकी राहू दे.

यावरून तुझ्या ‘वर्षभर शिकून मग जाते’ या बेताकडे येते. यात तू हॅकेथॉनला परीक्षा धरून चालली आहेस. सिलॅबस पूर्ण झाला की फॉर्म भरायचा. पण असला कुठलाही सिलॅबस नाही. या नावाचा पहिला मेळावा 1999 च्या जूनमध्ये कॅनडातल्या कॅल्गरीला झाला. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करणारे दहाएक जण एकत्र बसून काम करायला जमले होते, एवढंच. आजच्या विद्यार्थी हॅकेथॉनला बक्षिसं आणि बॅनर लागलेत, तरी आतलं काम तेच आहे. एक जागा, मोजका वेळ आणि अर्धवट माहिती.

चोवीस तास प्रत्यक्षात कसे जातात ते ऐक. पहिले दोन तास वायफायचा पासवर्ड, खुर्च्या आणि ‘आपण नेमकं काय बनवून राहिलो’ यावरचा वाद. दुपारपर्यंत प्रत्येकाच्या लॅपटॉपवर काहीतरी इन्स्टॉल होत असतं आणि एकाच्या लॅपटॉपवर ते होतच नाही. संध्याकाळी मेंटर येतो आणि म्हणतो, हे सगळं होणार नाही, निम्मं काढा. रागाने अर्धा तास जातो, मग खरंच निम्मं काढलं जातं. रात्री नऊ ते एक खरं काम होतं. दोनच्या सुमारास दोघांचा कोड एकत्र करायला जातात आणि आधी चालत असलेलं बंद पडतं. चारला कुणीतरी बाकावर आडवा होतो, दुसरा त्याला उठवू नका म्हणतो. सहाला तर्री पोह्याचा ठेला उघडला का याची चौकशी. आठला आठवण येते की पीपीटी झालीच नाही. या सगळ्यातून जी टीम तरते तिने वेळेत कामाला कात्री लावलेली असते. काय बनवायचं नाही हे ठरवणं वर्षभर घरी बसून व्हिडिओ बघून येत नाही, ते त्या खोलीतच येतं. पुढच्या वर्षी तू गेलीस तरी ती तुझी पहिलीच वेळ असेल.

हां, न जाण्याची कारणं असतात. त्याच आठवड्यात सेशनल परीक्षा असेल आणि मागचा विषय राहिला असेल, तब्येत बरी नसेल, किंवा वर म्हटलं तसं टीमने नुसती सही मागितली असेल, तर जाऊ नकोस. ‘मला पुरेसं येत नाही’ हे त्या यादीत बसत नाही.

इंग्रजीचं दडपण मला कळतं, पण आधी संयोजकांना विचारलंस का? कॉलेजातल्या फेरीला परीक्षक बरेचदा आपल्याच प्राध्यापकांतले किंवा इथल्याच कंपन्यांतले असतात, आणि नागपुरात प्रश्न इंग्रजीत सुरू होऊन दुसऱ्या वाक्याला हिंदीत येतो हे तुलाही माहीत आहे. तरी तुझ्या वाट्याचं दीड मिनिट इंग्रजीत लिहून ठेव. पाठ करू नकोस, मोठ्याने बोलून बघ. पाठ केलेलं अडखळलं की पुढचं सगळं जातं. प्रश्न नाही समजला तर ‘सर, हिंदीत किंवा मराठीत सांगू का?’ एवढं विचारायला लाजू नकोस. तांत्रिक शब्द तर तसेही इंग्रजीच राहणार. मी तरी इंग्रजीचे मार्क कधी कापलेले नाहीत. ‘डेटाबेस कुठला वापरला?’ यावर पाच जण एकमेकांकडे बघतात त्याचे मात्र कापते.

आता मावशी. तिच्या वाक्याला जुनाट म्हणून उडवून लावू नकोस. तिने विचारलंय ते रास्त आहे, तुझ्या आईने तुला तिच्या भरवशावर ठेवलंय. आणि ‘मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते’ हे तर मुळीच सांगू नकोस. रात्री फोन लागला नाही की तेच अंगाशी येतं. त्याऐवजी समन्वयक प्राध्यापकांना भेटून चार गोष्टी नक्की कर: रात्री महिला प्राध्यापिका कोण थांबणार, मुलींना आराम करायला वेगळी खोली आहे का, गेट किती वाजता बंद होतं आणि मध्ये कुणाला जाऊ देतात का, घरच्यांचं संमतीपत्र लागतं का. उत्तरं आणि प्राध्यापिकांचा नंबर मावशीच्या हातात दे. जमलं तर आधी एकदा तिला कॉलेज दाखवून आण, लोकमान्य नगरच्या मेट्रोने गेलात तर तिचीही चक्कर होईल. चारपैकी एकाचं उत्तर गोलमोल आलं तर मावशीचं म्हणणं बरोबर आहे असं मी धरेन.

रात्री थांबणं जमलंच नाही तरी सगळं संपत नाही. संध्याकाळी घरी जाऊन सकाळी लवकर परत यायचं, असं टीमशी आधी बोलून ठेव, आणि नियमांत ते चालतं का बघ. रात्रीची मेट्रो नसते, तेव्हा किती वाजता निघायचं आणि सोबत कोण हे ठरलेलं असू दे. तुझा भाग संध्याकाळपर्यंत पुश झालेला (टीमच्या कोडमध्ये जमा) असला की रात्री तुझ्यावाचून काम अडत नाही. सकाळी सहाला डोकं ताजं असलेलं एक माणूस टीममध्ये असणं हा तर फायदाच. पहाटे तीनला लिहिलेला कोड मी पाहिलाय.

चॅटजीपीटी, कोपायलट अशी कोड लिहून देणारी एआय साधनं वापरायची का, हे तू विचारलं नाहीस, पण विचारणारे पुष्कळ आहेत. नियम वाचा, बहुतेक ठिकाणी चालतं. पण परीक्षक स्क्रीनवरच्या एका ओळीवर बोट ठेवून ‘ही काय करते?’ विचारतात. सांगता येत नसेल ती ओळ ठेवू नका.

सोबत न्यायच्या वस्तूंत लोक लॅपटॉप नेतात आणि एक्स्टेन्शन बोर्ड विसरतात. सहा जणांना एक प्लग मिळतो. बोर्ड घे, त्यावर स्केच पेनने नाव घाल. कॉलेजचं वायफाय ऐन वेळी बसतं, म्हणून दोघांच्या फोनमध्ये डेटा हवा. पॅकेजेस आणि मॉडेल घरूनच डाउनलोड करून आणा. एपीआयची की (बाहेरची सेवा वापरायची गुप्त किल्ली) कोड ठेवायच्या गिटहब साइटवर उघडी टाकू नका, ती शोधत फिरणारे बॉट्स असतात. आणि अ‍ॅप एकदा चालताना दिसलं की त्याच क्षणी स्क्रीन रेकॉर्ड करा. डेमोच्या वेळी ते चालेलच असं नाही. स्वेटर ने, एसी लॅब रात्री गारठते.

ज्यांना कुणी बोलावलेलंच नाही अशा मुलींसाठीही दोन ओळी. सहापैकी एक मुलगी हवी, याचा अर्थ पाच मुलगेच हवेत असा होत नाही. सहाही मुली चालतात. शाखा वेगळ्या असल्या तर उत्तमच, इलेक्ट्रॉनिक्सवाली सेन्सर जोडेल, सिव्हिलवालीला नकाशा वाचता येतो. लीडर व्हायला सगळ्यात जास्त कोडिंग येणं गरजेचं नसतं. फॉर्म वेळेत भरणं आणि दुपारी दोनला भांडण मिटवणं जमलं पाहिजे.

रविवारी घरी जाऊन आधी झोप. सोमवारी रीडमी फाइलमध्ये (प्रोजेक्टची ओळख सांगणाऱ्या) कुणी काय केलं ते नावानिशी लिहून घ्या, आणि तुझं काम तिथे आलंय ना ते स्वतः बघ. फोनवर वडिलांनी सांगितलेलं जर त्या प्रोजेक्टचा पाया झालं असेल तर तेही लिहा. टीम पुढे गेली तर सॉफ्टवेअर गटाची अंतिम फेरी 36 तासांची असते, अलीकडे ती डिसेंबरात होते, आणि केंद्र देशात कुठेही मिळू शकतं. तेव्हा प्रवासाची परवानगी काटोलहून लागेल, आणि ती मागताना मावशी तुझ्या बाजूने बोलायला हवी.